जुना संगणक, नवी प्रणाली आणि ड्रायव्हरची निवड

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. हिंगणघाट, आर्वी, पुलगावच्या व्यापाऱ्यांसाठी तो काळ चोपडापूजनाच्या तयारीचा आणि नव्या कापसाच्या आवकेचा. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था व ठरावीक प्रोसेसर लागतात. त्यामुळे पेढीवर विनातक्रार चालणारे अनेक संगणक अपात्र ठरतात. त्यांच्यावर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली बसविता येते. मात्र तेथे एक प्रश्न नवख्याला अडवितो : ग्राफिक्स कार्डासाठी ड्रायव्हर कोणता घ्यावा?

ड्रायव्हर हा प्रणाली आणि यंत्रभाग यांच्यामधील अडत्या होय. तो दोघांचीही भाषा जाणतो. तो योग्य नसेल, तर सौदा अडतो आणि पडदा काळाच राहतो.

ग्राफिक्स इंटेल किंवा एएमडीचे असेल, तर बहुधा काहीच निवडावे लागत नाही. त्यांचे मुक्त ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच असतात. खरा पेच एनव्हिडियाच्या कार्डाचा. तेथे दोन मार्ग आहेत. पहिला ‘नूवो’ : कार्डाचे वर्तन अभ्यासून प्रामुख्याने स्वयंसेवकांनी घडविलेला मुक्त ड्रायव्हर. तो प्रणालीसोबतच येतो, परंतु अनेक कार्डांचा पूर्ण वेग त्याला साधत नाही. दुसरा कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर. तो वेगवान असतो. पण त्याची वही पूर्णपणे उघडी नसते, आणि जुन्या कार्डांचा सांभाळ किती काळ करायचा हे कंपनीच ठरविते. मे २०२२ मध्ये कंपनीने त्याचा गाभ्याशी जोडणारा भाग खुला केला, तोही ट्युरिंग व त्यापुढील पिढीच्या कार्डांपुरताच.

मग निर्णय कशावर घ्यावा? कामावर. रोजमेळ, पत्रव्यवहार आणि ब्राउझरमधून भरावयाची जीएसटी विवरणे एवढेच काम असेल, तर मुक्त ड्रायव्हर सहसा पुरेसा ठरतो. व्हिडिओ संपादन किंवा त्रिमितीय आरेखन असेल, तर कंपनीचा घ्यावा. तो संकेतस्थळावरून उतरवून न घेता उबुंटू किंवा मिंटमधील ड्रायव्हर-व्यवस्थापकातूनच, ‘शिफारस केलेला’ अशी खूण पाहून घ्यावा. म्हणजे पुढे गाभा अद्ययावत झाल्यावर ड्रायव्हरचा मेळ तुटण्याची भीती कमी राहते. सिक्युअर बूट चालू असल्यास या वेळी एक पासवर्ड ठरवावा लागतो व संगणक पुन्हा सुरू होताना तोच द्यावा लागतो. तो कागदावर लिहून ठेवावा.

या साऱ्याआधी दोन गोष्टी अनिवार्य आहेत. सर्व हिशेबाची प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती उघडून पाहावी. नंतर लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालवून पडदा व प्रिंटर तपासावेत. टॅलीसारखे सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनविलेले असते. त्यावरच पेढी चालत असेल, तर तो संगणक तसाच बदलू नये. आधी घरातील दुसऱ्या संगणकावर प्रयोग करावा. यंत्र पुन्हा विकत मिळते; गेलेली खतावणी मिळत नाही.