धर्माचरण आणि संस्था

संपादक महाशयांस,

संस्थांच्या आश्रयावाचून ख्रिस्ती सेवावृत्ती टिकत नाही, असे जे विधान गतांकातील पत्रलेखकांनी केले आहे, ते मला मुळीच मान्य नाही. आणि त्याचे उत्तर आमच्या तळोज्यातच आहे. येथील मध्यवर्ती कारागृहात ऑक्टोबर 2020 पासून कच्चे कैदी असलेले 83 वर्षांचे येशूसंघीय धर्मगुरू स्टॅन स्वामी कंपवाताने इतके जर्जर झाले होते की, पेला ओठांशी नेणेही त्यांना दुष्कर होते. अशा अवस्थेत बाहेरील स्नेह्यास धाडलेल्या पत्रात, स्वतःच्या हालांचा पाढा न वाचता, रात्रीच्या जेवणात मदत करणाऱ्या, कपडे धुणाऱ्या, गुडघे चोळून देणाऱ्या कोठडीतील दोघा सोबत्यांचा त्यांनी कृतज्ञ उल्लेख केला, ते अत्यंत गरीब घरांतले आहेत हे आवर्जून नमूद केले आणि सहबंद्यांसाठी प्रार्थना मागितली. तेथे कोणती संस्था होती? 5 जुलै 2021 रोजी, खटल्याची सुनावणी सुरू होण्यापूर्वीच, ते मुंबईत निवर्तले. मुकदम्याच्या गुणदोषांत मी येथे शिरत नाही. शाळा, दवाखाने यांचे मोल मी जाणतो. परंतु परावलंबी वृद्धाने शेजाऱ्याच्या दारिद्र्याची दखल घ्यावी व त्याच्या उपकाराची प्रामाणिक नोंद करावी, यास धर्माचरण म्हणावयाचे नाही काय, याचा खुलासा पत्रलेखकांनी पुढील अंकी करावा.

आपला,
एक वाचक, तळोजा