जुन्या गाडीच्या इंजिनात रॉकेल ओतू नका

आज पिकाचा नाही, गाडीचा सल्ला आहे. सोयाबीनच्या राशी जवळ आल्या आणि आपल्या सभासदांकडं स्प्लेंडर, पॅशन, सीडी हंड्रेड अशा जुन्या गाड्या लई आहेत. राशीआधी इंजिन 'साफ' करायचं म्हणून ऑइल सोडल्यावर आत रॉकेल नाहीतर डिझेल टाकून दोन-चार मिनिटं गाडी चालू ठेवायलेत. माझं मत सरळ आहे, हे बंद करा.

माझ्या गाडीला मागच्या वर्षी असंच केलं. काळं पाणी बाहेर आलेलं बघून मलाही बरं वाटलं. पंधरा दिवसांत हाडोळतीच्या रस्त्यावर इंजिन जाम झालं. बोअर-पिस्टनचं काम निघालं आणि ऐन हंगामात आठ दिवस शेतभेटी बंद पडल्या. गाडी आधीच थकलेली होती, सगळा दोष रॉकेलला देणार नाही. पण रॉकेल पातळ असतं. पिस्टन आणि हेडमधला ऑइलचा थर ते धुऊन नेतं, थोडं कोपऱ्यात उरतं आणि नवं ऑइलही पातळ करतं. वर सुटलेली खपली जाळीत जाऊन अडकते.

खरी घाण कुठं बसते ते सांगतो. स्प्लेंडरसारख्या शंभर सीसीच्या गाडीत कारसारखा कागदी ऑइल फिल्टर नसतो. उजव्या बाजूच्या क्लच कव्हरच्या आत एक जाळी आणि एक फिरती वाटी असते. फिरण्याच्या जोरानं घाण त्या वाटीत घट्ट बसते. ती रॉकेलनं निघत नाही, कव्हर उघडून हातानंच पुसावी लागते. मिस्त्रीला तेवढंच काम सांगा आणि गॅस्केट नवं टाकायला लावा. इंजिन लईच काळं असेल तर ऑइल गरम असताना पूर्ण निथळू द्या, नवं टाका, आणि पाचशे किलोमीटरनं पुन्हा एकदा बदला. ऑइलमध्येच साफ करणारं रसायन असतं, ते हळूहळू काम करतं.

आता ऑइल कोणतं? डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए-टू' छापलेलं बघा. आपल्या गाडीचा क्लच इंजिनच्याच ऑइलात बुडालेला असतो. स्कूटरचं 'एमबी' ऑइल किंवा कारचं पातळ ऑइल टाकलं तर क्लच घसरू शकतो. ॲक्सिलेटर दिला तरी गाडी ओढत नाही. ट्रॅक्टरचं उरलेलं ऑइलही नको, त्यावर ही खूण नसेल तर क्लचचा भरवसा नाही. नंबर गाडीच्या पुस्तकात असतो, स्प्लेंडरला १०डब्ल्यू-३०. निळा धूर येतो म्हणून दुकानदार २०डब्ल्यू-५० देतो. धूर थोडा कमी होईलही, पण झिजलेली रिंग काय भरून येत नाही.

ऑइल एक लिटरच्या आतच मावतं, म्हणून पाव लिटर जळलं तरी लई झालं. दर आठ-दहा दिवसांनी बघत जा. गाडी मेन स्टँडवर लावा, थोडा वेळ चालवून बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा. काडी पुसून नुसती टेकवा, आटे फिरवू नका. धुळीतल्या जुन्या गाडीला मी अडीच-तीन हजार किलोमीटरच्या पुढं ऑइल ठेवत नाही. मीटर बंद असेल (बहुतेकांचं असतंच) तर तीन महिन्यांनी बदला.

बाहेरून मात्र रॉकेल आणि ब्रश खुशाल वापरा, इंजिन थंड असताना. काळी माती पात्यांमध्ये वाळून बसली की हवा लागत नाही आणि इंजिन तापतं. राशीच्या भुसकटानंतर एअर फिल्टर झटकायचं विसरू नका.

जुनं ऑइल बांधावर किंवा नाल्यात ओतू नका, गॅरेजवाल्याला द्या. रिकाम्या डब्याला भोक पाडा, नाहीतर त्यातच भेसळ भरून परत विकतात. आणि औषधाचं माप ऑइलला, ऑइलचं माप औषधाला नको.

घरी ऑइलचा डबा असेल तर मागच्या बाजूचा फोटो या नंबरवर टाका, चालेल का नाही ते सांगतो.