इंधन आगारांची सुरक्षा संचालक मंडळाच्या दारात

इंग्लंडमधील हेमेल हेम्पस्टेडजवळच्या बन्सफिल्ड इंधन आगारात ११ डिसेंबर २००५ रोजी, रविवारी पहाटे सहाच्या सुमारास प्रचंड स्फोट झाला. एका कुलपाच्या अभावी तो झाला, असे म्हणणे अर्धसत्य ठरेल. परंतु चौकशीत ते कुलूप पुढे आले हे खरे. ९१२ क्रमांकाच्या टाकीत आदल्या संध्याकाळपासून पाइपलाइनने पेट्रोल भरले जात होते. पहाटे तीनच्या सुमारास पातळीमापक अडकला. टाकी भरतच राहिली. नियंत्रण कक्षातील पडद्यावर मात्र पातळी स्थिर दिसत होती. अशा वेळी पुरवठा आपोआप तोडण्यासाठी स्वतंत्र स्विच होता. त्याची चाचणीची दांडी योग्य जागी राहावी यासाठी तिला कुलूप लावणे आवश्यक होते. ते केवळ छेडछाड रोखण्यासाठी असावे, असा समज झाला. कुलूप लागले नाही आणि स्विच निकामी राहिला. अडीच लाख लिटरहून अधिक पेट्रोल सांडले. वारा जवळपास नव्हता, त्यामुळे वाफेचा ढग जमिनीलगत पसरून पेटला. ४३ जण जखमी झाले. प्राणहानी झाली नाही, याचे श्रेय रविवारच्या पहाटेलाच द्यावे लागेल.

याहून बोलका तपशील पुढेच आहे. हा मापक ऑगस्टअखेरीपासून १४ वेळा अडकला होता. दर वेळी तात्पुरती डागडुजी करून काम पुढे रेटले गेले. आगाराला जोडलेल्या तीन पाइपलाइनपैकी दोहोंच्या प्रवाहावर तेथील कर्मचाऱ्यांचे नियंत्रणच नव्हते. स्फोटाच्या काही मिनिटे आधी प्रवाहाचा वेग वाढला होता. हे दोष पाळीवरच्या पर्यवेक्षकाच्या आवाक्यातले नव्हते. उलाढाल किती वाढवायची आणि दुरुस्तीला किती पैसा द्यायचा, हे वरच्या मजल्यावर ठरते.

ब्रिटनमधील नियामक यंत्रणा, तेल व साठवणूक उद्योग आणि कामगार संघटना यांनी मिळून पुढे प्रक्रिया सुरक्षा नेतृत्व गट स्थापन केला. त्याचे अध्यक्षपद उद्योगाकडे होते. डिसेंबर २००९ च्या अहवालात टाकी ओसंडू नये यासाठीचे तांत्रिक निकष तर होतेच. पण नेतृत्वाची तत्त्वेही होती. संचालक मंडळातील किमान एका सदस्याला प्रक्रिया सुरक्षेची पूर्ण जाण असावी आणि या क्षेत्रातील कामगिरीची माहिती जनतेपुढे मांडावी, असे त्यात सांगितले होते. घसरून पडणे, बोट चिमटणे अशा अपघातांची आकडेवारी शून्यावर असली, तरी टाकी धोक्यात असू शकते, हे उद्योगाने मान्य केले. कारखान्याच्या दारावरील ‘अपघातमुक्त दिवस’ हा फलक याबाबत काहीच सांगत नाही. २०१० मध्ये न्यायालयाने पाच कंपन्यांना दोषी धरून दंड ठोठावला.

त्या अहवालाची शाई वाळण्यापूर्वीच भारताला धडा मिळाला. २९ ऑक्टोबर २००९ रोजी जयपूरच्या सीतापुरा येथील इंडियन ऑइलच्या आगारात पेट्रोल दुसऱ्या कंपनीच्या आगाराकडे पाठवण्याची तयारी सुरू असताना एका व्हॉल्व्हमधून गळती झाली. सुमारे सव्वा तास ती थांबवता आली नाही. नियंत्रण कक्षातून व्हॉल्व्ह बंद करण्याची सोय निकामी होती. येथेही वारा मंद, येथेही वाफेचा ढग. ११ जणांचा बळी गेला आणि आग सुमारे ११ दिवस धुमसत राहिली. एम. बी. लाल समितीने त्रुटी स्पष्टपणे नोंदविल्या.

निकष आपल्याकडे पूर्वीपासून होते. ते ठरवणारे तेल उद्योग सुरक्षा संचालनालय मात्र पेट्रोलियम मंत्रालयाच्या अखत्यारीत येते आणि सरकारी तेल कंपन्याही त्याच मंत्रालयाच्या. एकाच घरात परीक्षक व परीक्षार्थी अशी ही रचना कितपत कठोर राहू शकते, याविषयी शंका वाटणे स्वाभाविक आहे. म्हणूनच कंपन्यांच्या संचालक मंडळांनी स्वतःहून काय जाहीर करायचे, याला महत्त्व येते. निकामी स्विच किती, अडकलेले मापक किती, गळतीचे प्रसंग किती, ही माहिती वार्षिक अहवालात नफ्याच्या आकड्यांइतक्याच ठळकपणे छापता येईल.

मुंबईकरांना हा विषय दूरचा नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये बुचर बेटावर वीज पडून डिझेलची टाकी पेटली, तेव्हा ती विझायला दोन-तीन दिवस लागले. ते निदान बेट होते. माहुलमध्ये रिफायनरी आणि टाक्यांच्या शेजारीच प्रकल्पग्रस्तांच्या इमारती उभारण्यात आल्या.