अपमानाचीही नोंद हवी

ऑक्टोबर 2023 च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत 24 रुग्ण दगावले. पाठोपाठ 3 ऑक्टोबरला तेव्हाचे खासदार हेमंत पाटील आले आणि त्यांनी प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन अस्वच्छ शौचालय साफ करायला लावलं. ते चित्रण अख्ख्या देशाने पाहिलं. मृत्यूंचा जाब विचारायलाच हवा होता. पण चारचौघांत माणसाचा पाणउतारा करणं म्हणजे जाब विचारणं नव्हे. अधिष्ठात्यांनी तक्रार दिली, गुन्हा नोंदला गेला. हेच एखाद्या कंत्राटी परिचारिकेच्या किंवा सफाई कामगाराच्या वाट्याला आलं असतं तर? आणि अशा अपमानाने मनाला होणाऱ्या इजेची कायद्यात नोंद कुठे? 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात कळवणं बंधनकारक असलेले आजार होते. त्यात शिशाची विषबाधा होती, पाऱ्याची होती, मनाचा एकही आजार नव्हता. यंत्रात बोट गेलं तर नोंद होते, साहेबाच्या रोजच्या शिव्यांनी झोप उडाली तर होत नाही. ही उणीव सरकारने भरून काढलीच पाहिजे. तोवर नांदेड-लातूरच्या कार्यालयांत, दवाखान्यांत, शिकवणीवर्गांत राबणाऱ्यांना सांगणं एवढंच: घडलेलं तारखेनिशी लिहून ठेवा, तक्रार लेखी द्या, तिची पोच घ्या, एखादा सहकारी सोबत न्या. आणि मन थकलं असेल तर 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक फिरवा. तो मोफत आहे, रात्रंदिवस सुरू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.