‘अनुभवी चालक’ म्हणजे कोण?

आपल्या प्रशासनाला यंत्र विकत घेता येते. ते चालविणारा माणूस मात्र गृहीत धरला जातो. हिमालयात बर्फ-वादळानंतर रस्त्यावर आडवे पडलेले देवदार आणि चीड हटविण्यासाठी चेनसॉ खरेदी करण्याची एक नस्ती मी वाचली. इंजिनाची शक्ती, पात्याची लांबी, हमीचा काळ यांवर चार पाने होती. चालकाविषयी एकच शब्द होता: ‘अनुभवी’.

अनुभव कशाचा? सपाट आवारातले झाड कापणारा ४० अंशांच्या उतारावर नवखाच असतो. तेथे सुटलेला ओंडका घरंगळतो. म्हणून कापणाऱ्याने वरच्या बाजूस उभे राहावे लागते आणि खाली, थेट दरीतल्या वाटेपर्यंत, कोणीही असता कामा नये. उन्मळलेल्या झाडाचे खोड तोडताच मुळांचा मातीने जड झालेला गड्डा खड्ड्यात परत आपटतो, नाहीतर उताराने सुटतो. वाकून अडकलेल्या खोडाला एका बाजूने दाब असतो, दुसऱ्या बाजूने ताण. दाबाकडून खोल कापले तर पाते चिमटीत सापडते. ताणाकडून एकदम कापले तर खोडच उसळते. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला, तर करवत तोंडावर येते. यंत्र सुरू करण्याआधी मागे, तिरक्या दिशेने, निसटण्याची वाट मोकळी करावी लागते. त्यात वेळ जातो, आणि मोबदला ठरतो नगावर किंवा घनमीटरवर! खरी गोम येथे आहे.

हेल्मेट, पायांचे कवच आणि खालच्या वाटेवर राखण करणारा एक माणूस, एवढे अंदाजपत्रकात घाला, असे मी लिहिले. उत्तर आले: दरसूचीत अशी बाब नाही. जणू दरसूची आकाशातून पडते! राखण करणारा काहीच कापत नाही, म्हणून तो अनुत्पादक, असा हा हिशेब.

‘ती ठेकेदाराची जबाबदारी’ हे दुसरे ठरलेले उत्तर. पण १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यानेही ठेकेदाराच्या मजुराच्या भरपाईसाठी काम देणाऱ्या मूळ मालकाला जबाबदार धरले होते. परक्या सरकारला जे सुचले, ते आपल्या निविदेच्या अटींत का येऊ नये?

आणखी एक अट हवी: माती ओली असेल किंवा अंधार पडला असेल, तर काम थांबविण्याचा लेखी अधिकार करवत चालविणाऱ्यालाच असावा. प्रत्यक्षात तो निर्णय कनिष्ठ अभियंत्यावर येतो, आणि त्याच्या फोनवर कोणा मान्यवरांचा ताफा खोळंबल्याचा निरोप आलेला असतो.