खूण आपल्या हातची



गेल्या पौर्णिमेला आम्ही बोरगाव मेघेला गेलो होतो. वर्धा शहराला अगदी लागून असलेले हे गाव. विहारातील वंदना आटोपल्यावर एका परिचित कुटुंबाकडे चहाला थांबलो. घरचे कर्ते बांधकामावर सेंट्रिंगच्या कामाला जातात, माउली दोन घरचा स्वयंपाक करते. थोरली मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, धाकटा बारावीला. दोघांत मिळून एक जुना, वापरलेला लॅपटॉप. त्याचे एक बटण निघालेले आणि बॅटरी नावालाच.

माउली म्हणाली, "भाऊ, जरा सांगा न इले. दिवसभर त्याच्यात डोकं घालून बसते. अभ्यास करते का नुसती सजावट करून रायली, काही समजत नाही."

मुलगी हसली. "काका, इकडे बसा. मी काय करते ते तुम्हीच पाहा न."

आम्ही पाहिले, आणि जे पाहिले ते आपल्या घराघरांत पोचावे म्हणून आजचे हे सदर.

इंटरनेटवरची पाने ज्या साधनातून दिसतात त्याला ब्राउझर म्हणतात. क्रोम, फायरफॉक्स ही त्यांची नावे. बहुतेकजण तो जसा मिळाला तसाच वापरतात. या मुलीने मात्र तो आपल्या घरासारखा लावून घेतला आहे. ब्राउझरची भाषा मराठी केली आहे. बाबा रात्री चष्मा लावून वाचायला बसतात, म्हणून कंट्रोल आणि अधिकचे बटण दाबून अक्षर मोठे केले आहे. 'सूचना पाठवू का?' असे विचारणाऱ्या साऱ्या संकेतस्थळांना सेटिंगमधून कायमचे 'नाही' सांगून टाकले आहे. भावासाठी वेगळे प्रोफाइल आहे, म्हणजे त्याचे क्रिकेट आणि हिचे रसायनशास्त्र एकमेकांत मिसळत नाही. नवे पान उघडले की मागे दीक्षाभूमीचा स्तूप दिसतो. माउली ज्याला सजावट म्हणते ती हीच!

पण खरी गोष्ट त्या सजावटीच्या खाली, एका पट्टीवर आहे. तिथे ओळीने पाच कप्पे आहेत : शिष्यवृत्ती, अभ्यास, बाबासाहेब, घर, आणि नंतर वाचू. यांनाच बुकमार्क म्हणतात. आपण त्यांना वाचनखुणा म्हणू. पुस्तकात मोरपीस किंवा बसचे तिकीट घालून ठेवतो ना, तसेच. १९९४ साली नेटस्केप नावाचा ब्राउझर आला, त्याने हा शब्द रूढ केला. आपल्या देशात सामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, आणि आपल्या वस्तीत ते पोचायला पुढे कितीतरी वर्षे गेली. म्हणून या खुणांची सवय अजून आपल्याला नाही. आपण दरवेळी नव्याने शोधतो, आणि जे पहिले दिसेल त्यावर बोट ठेवतो.

या घराने त्याची किंमत मोजली आहे. दोन वर्षांपूर्वी मुलीच्या चुलतभावाने मोबाइलवर 'स्कॉलरशिप फॉर्म' असे लिहून शोधले. सर्वात वर जे आले ते उघडले. नाव, आधार क्रमांक, बँकेचे खाते सारे भरले आणि 'नोंदणी शुल्क' म्हणून तीनशे रुपयेही पाठवले. ती जाहिरात होती. शासनाशी तिचा काडीचाही संबंध नव्हता. महाविद्यालयात चौकशी केली तेव्हा कळले की अर्ज आलेलाच नाही आणि मुदत संपली आहे. मुलाचे ते वर्ष घरात बसून गेले. आता तो काकाबरोबर सेंट्रिंगला जातो. हे सांगताना माउलीने मान फिरवली.

वाचकहो, ही शिष्यवृत्ती कोणी दिली हे आपण विसरू नये. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४४ साली, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकनंतरची ही योजना सुरू झाली. आपल्या राज्यात आज तिचा अर्ज महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावर भरावा लागतो. म्हणजे बाबासाहेबांनी उघडलेले दार आता ब्राउझरच्या आत आहे. त्या दाराचा खरा पत्ता आपल्याजवळ नसेल, तर वाटेतला कोणीही भामटा आपल्याला आपल्या दुकानात नेऊन बसवील.

खरा पत्ता ओळखायचा कसा? मुलीने आम्हाला शिकवले ते असे. वरच्या पट्टीतील पत्ता वाचावा. सुरुवातीचे एचटीटीपीएस सोडून पुढे गेले की पहिली तिरपी रेघ येते. तिच्या अगदी अलीकडचे शब्द पाहावेत. शासनाचे संकेतस्थळ असेल तर ते 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' असे असतात. विद्यापीठांचे व महाविद्यालयांचे बहुधा 'एसी डॉट इन' असतात. आधी 'महाडीबीटी' लिहिले आहे म्हणून फसू नये, ते नाव कोणीही लावू शकतो. शेवट महत्त्वाचा. आणि शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी शासन शुल्क घेत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावे.

पत्ता एकदा खरा ठरला की कंट्रोल आणि डी ही बटणे एकत्र दाबावीत. खूण पडते. मोबाइलवर तीन ठिपके दाबून चांदणीला बोट लावावे. मात्र खूण नेहमी मुख्य पानाची करावी. अर्ज अर्धा भरलेला असताना आतल्या पानाची केली, तर दुसऱ्या दिवशी ते पान उघडत नाही आणि मूल घाबरून जाते.

तिचा 'बाबासाहेब' हा कप्पा उघडला तेव्हा आम्हाला फार समाधान वाटले. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध करायला घेतलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे इंग्रजी खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. त्याची खूण तिथे आहे. कोलंबिया विद्यापीठाच्या संकेतस्थळावर 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ मूळ इंग्रजीत आहे, त्याचीही आहे. आमच्या तरुणपणी यातला एक खंड मिळवायला नागपूरला जावे लागे, आणि तो संपलेला असे.

बाबासाहेब स्वतः खुणा करीत वाचणारे होते. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयाच्या ग्रंथालयात त्यांची पुस्तके आहेत. त्यांचे कोलंबियातील गुरू जॉन ड्युई यांच्या ग्रंथावर त्यांनी लाल-निळ्या पेन्सिलीने ओढलेल्या रेघा अभ्यासक आजही जाऊन पाहतात. कोणत्या ओळीपाशी ते थांबले हे त्यावरून कळते. ज्याला वाचलेले पुन्हा उपयोगात आणायचे असते, तोच खूण करतो.

मुलगी मध्येच म्हणाली, "काका, मागच्या वर्षी हे सारं गेलं होतं." लॅपटॉप बंद पडला, दुरुस्त करणाऱ्याने सगळे पुसून नव्याने भरून दिले. दीडशे खुणा एका दुपारी नाहीशा झाल्या. ती रडली. तेव्हा बाबांनी तिला विहारात ऐकलेली गोष्ट सांगितली. १९१७ साली बाबासाहेब लंडनहून परतले तेव्हा त्यांची पुस्तके दुसऱ्या बोटीने येत होती. महायुद्ध चालू होते. जर्मनांनी पाणतीराचा मारा करून ती बोट बुडवली, आणि पै पै वाचवून घेतलेले ग्रंथ समुद्राच्या तळाशी गेले. बाबासाहेबांनी पुन्हा ग्रंथ जमवले. इतके, की पुढे त्यांच्यासाठी दादरला राजगृह बांधले. चौथी शिकलेल्या बापाने हे सांगितले आणि मुलगी पुन्हा कामाला लागली.

आता ती शहाणी झाली आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि ओ दाबले की खुणांची यादी उघडते. तिथल्या तीन ठिपक्यांत 'एक्सपोर्ट' म्हणून सोय आहे. तिने सगळ्या खुणांची एक लहानशी फाइल होते. ती पेन ड्राइव्हवर ठेवली की लॅपटॉप गेला तरी खुणा राहतात. शिवाय खूण म्हणजे नुसता पत्ता. घर पाडले गेले तर पत्ता काय कामाचा? म्हणून अर्जाची पावती, निकाल, शासनाचा निर्णय अशी कागदपत्रे ती उतरवून घेते आणि छापून फाइलला लावते.

दर पौर्णिमेला ती खुणांची झाडलोट करते. न उघडणाऱ्या काढून टाकते. 'नंतर वाचू' मध्ये जे तीन महिने पडून आहे तेही काढते. "ठेवलं म्हणजे वाचलं असं वाटते काका, आणि वाचलेलं तर काहीच नसते," असे ती म्हणाली. हे वाक्य आम्ही आमच्या घरच्या पुस्तकांच्या कपाटालाही लागू करून पाहिले आणि खजील झालो!

ज्यांच्या घरी संगणक नाही त्यांच्यासाठी एक सूचना. कॅफेत किंवा दुसऱ्याच्या यंत्रावर काम करताना पासवर्ड साठवू देऊ नये. क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन दाबून खाजगी खिडकी उघडावी, काम झाले की बाहेर पडून ती बंद करावी. खरे पत्ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावेत. वही हीसुद्धा वाचनखूणच आहे.

आम्ही निघताना दारात शेजारची दोन मुले उभी होती, हातात पेन ड्राइव्ह घेऊन. ताईची 'शिष्यवृत्ती'ची खुणांची फाइल न्यायला आली होती. चुलतभावही आला होता. यंदा त्याचा अर्ज तिने स्वतः जवळ बसून भरून घ्यायचे ठरवले आहे. पत्ता त्याने पाहायचा, खूण त्यानेच करायची, अशी तिची अट आहे.

माउली आम्हाला म्हणाली, "मंग भाऊ, सजावट नोहे म्हणता?"

नव्हे, ताई. मुलगी आपल्या पायांखालची वाट पक्की करते आहे.

वाचकहो, येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर अर्धा तास मुलांजवळ बसा. चोरी पकडायला नव्हे, शिकायला बसा. 'शिष्यवृत्तीचा खरा पत्ता कुठे ठेवलास?' एवढेच विचारा. उत्तर आले नाही, तर त्याच बैठकीत खूण करून घ्या.

जयभीम!