बांधी घेणाऱ्याला हमी कोण देणार?

अर्जुनी मोरगावला दस्त लिहायला बसतो, तेव्हा प्रतापगड, गोठणगावकडची माणसं ठामपणे सांगतात, ‘सातबारा माझ्या नावानं आहे, जमीन माझीच.’ कायदा तसं म्हणत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 157 प्रमाणे सातबाऱ्यावरची नोंद खोटी ठरेपर्यंत खरी मानायची, इतकंच. नुसत्या फेरफारानं मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानंही वारंवार सांगितलं आहे. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो. विकणाऱ्याची मालकी खरी की खोटी, याचा निवाडा तो करत नाही.

याचा फटका मी जवळून पाहिला आहे. एक एकर धानाची बांधी विकली गेली. सातबाऱ्यावर एकट्या भावाचं नाव. बाप वारला तेव्हा वारस फेरफारात दोन बहिणींची नावं आलीच नव्हती, नोंदणीकृत हक्कसोडपत्रही नव्हतं. घेणाऱ्यानं मुद्रांक शुल्क भरलं, पूर्ण पैसे मोजले, बांधीत रोवणा केला. पुढे बहिणींनी वाटणीचा दावा लावला. त्यांचं काहीच चुकलं नाही. 1956 पासून मुलगी बापाची पहिल्या वर्गाची वारस आहे, 2005 च्या दुरुस्तीनं तर वडिलोपार्जित जमिनीत तिला मुलाइतका जन्मसिद्ध हक्क दिला. भावाला आपल्या हिश्शापुरतंच विकता येत होतं. घेणारा मात्र कोर्टाच्या पायऱ्या चढतो आहे.

वनहक्काच्या पट्ट्यांचं आणखी वेगळं. 2006 च्या कायद्यानं असा पट्टा वारसांना मिळतो, विकता येत नाही. तरी साध्या मुद्रांकावर ‘सौदे’ लिहून मागणारे येतातच. मी लिहून देत नाही.

मालकीत दोष निघाला तर भरपाई देणारा विमा अमेरिकेत 1876 मध्ये फिलाडेल्फियात सुरू झाला. आपल्याकडे रेरा कायद्याच्या कलम 16 मध्ये बिल्डरनं प्रकल्पाच्या जमिनीच्या मालकीहक्काचा विमा काढावा असं आहे, तेही शासन अधिसूचना काढेल तसं. फ्लॅट घेणाऱ्याची निदान कायद्याला आठवण आहे. बांधी घेणाऱ्याची कुणालाच नाही.

विमा कंपनी प्रतापगडला एका एकरासाठी येणार नाही. म्हणून ही जबाबदारी शासनाची. खरेदीखत नोंदवण्याआधी मागच्या 30 वर्षांचे सगळे फेरफार आणि वारसांची यादी घेणाऱ्याच्या हाती फुकट द्यावी. आणि सरकारी नोंदीवर विसंबून घेतलेली जमीन गेली, तर भरपाईही सरकारनंच, वसूल केलेल्या मुद्रांक शुल्कातून द्यावी.